चाकांवरच्या घरांतील ऊन पाणी

घर आणि प्रवास या दोन गोष्टी एकत्र नांदावयाच्या नाहींत, असें पूर्वीं समजलें जाई. घर म्हणजे स्थैर्य व सोय. प्रवास म्हणजे अस्थैर्य व गैरसोय. ही समजूत मोडून काढण्याचा एक हौशी प्रयत्न इ. स. १८८५ मध्यें डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थांनीं केला. ब्रिटिश आरमारांत शल्यवैद्य म्हणून नोकरी केलेल्या या लेखकानें ब्रिस्टलच्या कारखान्यांत चाकांवरचें एक लांकडी घर बांधवून घेतलें, त्याला 'वाँडरर' म्हणजे 'भटक्या' असें नांव दिलें आणि त्यास दोन घोडे जुंपून तो दक्षिण इंग्लंडांतून थेट उत्तर स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. पुढें घोड्यांच्या जागीं इंजिन आलें. १९५१ मध्यें जर्मनींतील वेस्टफालिया कारखान्यानें फोक्सवॅगनच्या मालवाहू मोटारींत मांडतां येईल असा संसाराचा पेटाराच तयार केला. आज यूरोपांत आणि अमेरिकेंत बिछाना, स्वयंपाकघर व न्हाणीघर पोटांत घेऊन धांवणारीं मोटारघरें हें रस्त्यावरचें नेहमींचें दृश्य झालें आहे.

परंतु घर कितीहि धांवतें झालें, तरी त्यांत राहणाऱ्या माणसाच्या गरजा जागच्या जागींच असतात. आणि त्यांतली अत्यंत निकडीची गरज म्हणजे पाणी. शहरांतील घरांत तोटी फिरविली कीं पाणी येतें. तें कोठून आलें आणि कोठें गेलें याचा विचार करण्याचें कारण पडत नाहीं. मोटारघरांत मात्र पाण्याचा प्रत्येक थेंब स्वतः भरून आणावा लागतो, स्वतः वाहून न्यावा लागतो, स्वतः तापवावा लागतो आणि वापरून झाल्यावर योग्य ठिकाणीं नेऊन स्वतःच टाकावा लागतो. म्हणून जुन्या मोटारघरांत पाण्याची व्यवस्था सुधारावयाची म्हटली, म्हणजे ती केवळ एक टांकी काढून दुसरी बसविण्याची बाब राहत नाहीं. वजन, उष्णता, आरोग्य आणि जीविताची सुरक्षितता या चारहि गोष्टींचा हिशेब एकदम करावा लागतो.

मूळ रचना तशी साधी असते. बाकाखालीं किंवा गाडीच्या तळाशीं स्वच्छ पाण्याची टांकी. तिच्यांतून पाणी ओढणारा, बारा व्होल्टच्या विजेवर चालणारा छोटा पंप. तेथून दोन वाटा. एक वाट थेट नळाकडे जाते आणि दुसरी पाणी तापविण्याच्या यंत्रांतून फिरून नळाकडे येते. वापरलेलें पाणी खालच्या दुसऱ्या टांकींत सांठतें. महाराष्ट्रांतील जुन्या घरांत तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या यंत्राचें मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. बंबाच्या मधोमध विस्तवाची नळी असते आणि तिच्याभोंवतीं पाणी असतें. जळणाची आंच त्या नळीच्या भिंतींतून पाण्यांत उतरते व धूर वरून निघून जातो. अमेरिकन मोटारघरांत जो ६ गॅलनांचा, म्हणजे सुमारें २३ लिटरांचा बंब पुष्कळदां आढळतो, त्यांतहि पाण्यामधून वांकवून नेलेली एक नळी असते आणि तिच्यांत लांकडाऐवजीं गॅसची ज्योत जळते. त्यांतील कांहीं बंब आंतून कांचेसारखा मुलामा दिलेल्या पोलादाचे असतात. अशा बंबांत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. ती स्वतः झिजते आणि बंबाचें पोलाद वांचविते. ती झिजून गेल्यावर वेळींच बदलली नाहीं, तर मग झिजण्याची पाळी बंबाची येते.

यूरोपांतील गाड्या लहान. त्यामुळें त्यांचीं यंत्रेंहि लहान. ट्रूमा या जर्मन कंपनीच्या बहुप्रचलित यंत्रांत हवा तापविणें आणि पाणी तापविणें हीं दोन्ही कामें एकाच पेटींत होतात, आणि त्यांतील पाण्याचें भांडें अवघें १० लिटरांचें असतें. स्वीडनच्या आल्डे कंपनीच्या पद्धतींत गरम द्रव नळ्यांतून सबंध गाडीभर खेळविला जातो आणि वापरावयाचें पाणी त्याच द्रवाच्या सान्निध्यानें तापतें. डिझेल तेलावर चालणारीं यंत्रेंहि आहेत. तीं गाडीच्याच टांकींतून इंधन घेतात, म्हणून गॅसच्या नळकांड्यांचें ओझें कमी होतें.

आतां उदाहरणासाठीं एका इंग्लिश दांपत्याची गाडी डोळ्यांपुढें आणावी. गृहस्थ नोकरींतून निवृत्त झालेले. गाडी जुनी परंतु निगेनें ठेवलेली. पत्नीच्या बोटांना संधिवात. थंडीच्या दिवसांत सकाळीं ऊन पाण्यांत हात धरले नाहींत, तर कपाचा कान धरणेंहि तिला कठीण. एका हिंवाळ्यांत नॉर्वेच्या उत्तर टोंकाकडे जाऊन आकाशांतील उत्तरप्रकाश पाहावयाचा, हा दोघांचा अनेक वर्षांचा मनोदय. गाडींतील पाणी तापविण्याचें यंत्र जुनें झालेलें, थेंब थेंब गळणारें. आणि ७० लिटरांची पाण्याची टांकी दिवसभरांतच कोरडी पडणारी. गृहस्थांचा बेत सरळ होता: मागच्या सामानाच्या कप्प्यांत १०० लिटरांची दुसरी टांकी बसवावी आणि जुन्या १० लिटरांच्या जागीं २२ लिटरांचा मोठा बंब घ्यावा. अधिक पाणी, अधिक ऊब. यांत चुकण्यासारखें काय आहे, असें कोणासहि वाटेल.

चूक कोठें आहे, हें वजनकांट्यावर कळतें. यूरोपांतील बहुसंख्य मोटारघरें ३५०० किलोग्रॅम या मर्यादेंत बांधलेलीं असतात. कारण सामान्य मोटारीच्या परवान्यावर चालविण्याची मर्यादा बहुधा तीच असते. ब्रिटनमध्यें १९९७ च्या प्रारंभापासून ज्यांनीं मोटारीची परीक्षा दिली, त्यांना त्याहून जड डिझेल वा पेट्रोल गाडीसाठीं वेगळी परीक्षा द्यावी लागते. या दांपत्याची गाडी माणसें, कपडे, धान्य, गॅस व इंधन यांसह, परंतु टांकींत फक्त २० लिटर पाणी असतांना, ३३८० किलो भरली, असें धरावें. कारखानदारांच्या पत्रकांतहि वजनाच्या हिशेबांत कित्येकदां २० लिटरच पाणी धरलेलें असतें, ही गोष्ट ग्राहकांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. जुनी टांकी पूर्ण भरली कीं ५० किलो वाढून वजन ३४३० होतें. म्हणजे शिल्लक राहिले ७० किलो. पाण्याचें वजन करावयास तराजूची गरज नाहीं. एक लिटर म्हणजे एक किलो. १०० लिटरांची टांकी तिच्या सामग्रीसह १०८ किलोंवर जाते आणि मर्यादा तिनें एकटीनेंच ३८ किलोंनीं ओलांडलेली असते. मोठ्या बंबांतील जादा १२ लिटर त्यावर आणखी. मर्यादेबाहेरची गाडी चालविली तर दंड होतो, हा त्यांतला लहान भाग. ब्रेक आणि टायर यांवर त्यांच्या शक्तीबाहेरचा भार पडतो, हा मोठा.

दुसरी गोष्ट याहूनहि सूक्ष्म आहे. वजन किती यापेक्षां तें कोठें, या प्रश्नाला अधिक महत्त्व आहे. या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांत ४ मीटरांचें अंतर आहे आणि मागचा कप्पा मागच्या चाकांच्याहि पलीकडे २ मीटर आहे. तेथें ठेवलेलें ओझें तरफेसारखें काम करतें. ठेवलें १०८ किलो, परंतु मागच्या आंसावर भार वाढतो १६२ किलोंचा, आणि पुढच्या आंसावरून ५४ किलो उचलले जातात. मागच्या आंसाची मर्यादा २००० किलो आणि जुनी टांकी भरली असतांना त्यावरचा भार आधींच १९२५ किलो. तेव्हां नव्या टांकीनें तो २०८७ वर जाणार. पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी ही गाडी, नेमकीं पुढचीं चाकें हलकीं झाल्यामुळें, ओल्या गवतांत किंवा बर्फावर जागच्या जागीं गरगरत राहणार. उत्तरप्रकाश पाहावयास निघालेल्या माणसानें बर्फावरची पकड गमावावी, हा सौदा शहाणपणाचा नव्हे.

म्हणून टांकीचा विचार बाजूस ठेवून आधीं पाण्याचा हिशेब मांडावा लागतो. दोघांच्या एका दिवसाचा खर्च असा धरतां येतो: पिणें व स्वयंपाक ८ लिटर, भांडीं १०, हातपाय व तोंड धुणें ८, शौचकूप ४, आणि दोन स्नानें प्रत्येकीं १८ प्रमाणें ३६. एकूण ६६ लिटर. म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी केवळ स्नानांत जातें, आणि त्यांतीलहि पुष्कळसें पाणी अंगास साबण लावीत असतां नुसतें वाहून जातें. मिनिटाला ४ लिटर पाणी सोडणारी आणि बोटाच्या दाबानें बंद होणारी झारी बसविली, अंग ओलें करून पाणी थांबविलें, साबण लावून झाल्यावर पुनः सोडलें, तर पाणी प्रत्यक्ष वाहतें दोनच मिनिटें. म्हणजे प्रत्येकीं ८ लिटर. दोन्ही स्नानें १६ लिटरांत होतात आणि दिवसाचा खर्च ६६ वरून ४६ वर येतो. तांब्यालोट्यानें बादलींतील पाणी घेऊन स्नान करणाऱ्या भारतीय माणसाला यांत नवल वाटणार नाहीं. वाहत्या पाण्याखालीं उभें राहण्याची संवय असलेल्याला मात्र ही शिस्त प्रयत्नानें लावून घ्यावी लागते.

गळतीची आणखी एक अदृश्य वाट असते. यंत्रापासून नळापर्यंत ५ मीटर लांबीची आणि आंतून १० मिलिमीटर व्यासाची नळी असली, तर तिच्यांत सुमारें ४०० मिलिलिटर पाणी उभें असतें. प्रत्येक वेळीं ऊन पाण्याची वाट पाहतांना हें निवालेलें पाणी मोरींत जातें. दिवसांतून दहा वेळां नळ सोडला तर ४ लिटर पाणी, आणि तें तापविण्याची उष्णताहि, फुकट गेली. यंत्र नळाच्या जवळ आणणें, नळीचा मार्ग आंखूड करणें आणि तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढविणें, या अल्पखर्चाच्या सुधारणा मोठ्या टांकीपेक्षां पुष्कळदां अधिक फळ देतात.

आतां ऊन पाण्याचा हिशेब. एक लिटर पाणी एक अंश सेंटिग्रेडनें तापविण्यास सुमारें ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. १० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाचें, तर सुमारें १९०० किलोज्यूल, म्हणजे अर्ध्या युनिटाहून किंचित् अधिक वीज लागेल. दीड किलोवॅटच्या ज्योतीला यास प्रत्यक्षांत अर्धा तास पुरतो, आणि ज्वलनांतील नुकसान धरूनहि प्रोपेन जळतो अवघा ५० ते ६० ग्रॅम. ६० अंशांच्या या १० लिटरांत १५ अंशांचें थंड पाणी मिसळलें कीं स्नानास योग्य असें ४० अंशांचें १८ लिटर पाणी तयार होतें. दोघांना मिळून हवें आहे १६ लिटर! तेव्हां मोठा बंब घेण्याचें कारणच उरत नाहीं. कडक हिंवाळ्यांत टांकींतील पाणी ५ अंशांवर उतरलें, तर मात्र त्याच १० लिटरांतून जेमतेम साडेपंधरा लिटर स्नानाचें पाणी निघतें; अशा दिवशीं दुसऱ्यानें पंधरा मिनिटें थांबावें, एवढाच उपाय.

पाणी सांठवूंच नये, जसें लागेल तसें तापवावें, असा पक्ष घेणारेहि आहेत. तसलीं यंत्रें मिळतात. परंतु मिनिटाला ४ लिटर पाणी ५ अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचें, तर जवळजवळ १० किलोवॅटची ज्योत लागते. एवढा गॅस थंडींत नळकांड्यांतून वेगानें बाहेर पडला पाहिजे. ब्यूटेन तर शून्याच्या आसपासच द्रवरूपांत थिजल्यासारखा बसून राहतो; प्रोपेन मात्र उणें ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊं शकतो. म्हणून उत्तरेकडे जाणारानें यंत्र कोणतेंहि घ्यावें, परंतु नळकांडें प्रोपेनचेंच घ्यावें.

विजेचें काय, असा प्रश्न साहजिकच येतो. तळावर विजेची जोडणी मिळाली तर यंत्रांतील विजेची कांडी वापरून गॅस वांचवितां येतो, आणि नव्या यंत्रांत दोन्ही सोयी असणें हा मोठाच लाभ आहे. परंतु गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर पाणी तापविण्याचा मोह आंवरावा. बारा व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरींत एकंदर १.२ युनिट वीज असते. बॅटरी शिशाची असेल तर तिच्यांतील निम्मी वीजच वापरणें तिच्या आयुष्यास हितकर. १० लिटरांच्या एका खेपेंत ती संपून दिवे व पंप यांना कांहीं उरणार नाहीं. लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्यांनीं हें गणित कांहींसें बदललें आहे, तरी खर्चहि त्या मानानें वाढला आहे. याहून चतुर युक्ति नावाड्यांपासून घेतलेली आहे: चालत्या इंजिनाचें गरम पाणी एका वेटोळ्यांतून फिरवावें आणि त्या वेटोळ्याभोंवतीं आपलें पाणी तापवावें. दिवसभर प्रवास झाला कीं मुक्कामाला ऊन पाणी विनामूल्य तयार. मात्र इंजिनाचें पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत तापलेलें असतें. म्हणून नळाच्या आधीं थंड-ऊन पाणी आपोआप योग्य प्रमाणांत मिसळणारी झडप असल्यावांचून ही युक्ति वापरूं नये.

ही झडप साध्या यंत्रालाहि असावी. आणि त्याचें कारण आरोग्यशास्त्रांत आहे. १९७६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं माजी सैनिकांचें एक संमेलन भरलें होतें. त्यानंतर अनेकांना विचित्र स्वरूपाचा न्यूमोनिया झाला आणि ३४ जण दगावले. पुढच्या वर्षीं त्यास कारण होणारा जंतु सांपडला व पुढें त्यास 'लिजिओनेला' हें नांव मिळालें. हा जंतु २० ते ४५ अंशांच्या कोमट, सांचलेल्या पाण्यांत वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासावाटे फुप्फुसांत शिरतो. स्नानाची झारी म्हणजे तुषारांचेंच यंत्र. गॅस वांचावा म्हणून जो मनुष्य बंबांत ४० अंशांचें पाणी दिवसच्या दिवस सांठवून ठेवतो, तो नकळत त्या जंतूची जोपासना करीत असतो. म्हणून पाणी ६० अंशांपर्यंत तापवावें, हा नियम. पण ६० अंशांचें पाणी कांहीं सेकंदांत कातडी भाजूं शकतें. आणि संधिवातानें बधिरलेल्या बोटांना तें उशिरां कळतें. मिसळणारी झडप हा पेंच सोडविते: बंबांत ६०, नळाला ४२.

अग्नि आणि बंद जागा यांची संगति नेहमींच धोक्याची. मुंबई-पुण्याकडे बंद न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरनें गुदमरून मृत्यु आल्याच्या बातम्या हिंवाळ्यांत अधूनमधून येतात. अपुऱ्या हवेंत गॅस जळला कीं कार्बन मोनॉक्साइड हा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेल्याला तो जागें होऊं देत नाहीं. मोटारघर हीहि तशीच लहान, बंद जागा आणि त्यांत माणसें रात्रभर झोंपतात. म्हणून तेथील पाणी तापविण्याचें यंत्र ज्वलनासाठीं हवा बाहेरून घेणारें व धूर बाहेरच सोडणारें, आंतल्या हवेशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं असेंच असावें लागतें. घरगुती गीझर स्वस्त मिळाला म्हणून गाडींत बसविणें हें आपल्या हातानें संकट आणून ठेवणें होय. टांकी, नळ्या, पंप हें काम हौशी माणसानें खुशाल करावें. गॅसची जोडणी मात्र त्या विद्येच्या माणसाकडूनच करून घ्यावी. ब्रिटनमध्यें अशा कारागिरांची 'गॅस सेफ' नांवाची नोंदवही २००९ पासून अस्तित्वांत आहे. त्यांतहि अशा गाड्यांच्या कामाची पात्रता असलेला माणूस पाहावा, आणि काम कितीहि उत्तम झालें तरी धोक्याची सूचना देणारी घंटा गाडींत लावावी.

उत्तरेकडील प्रवासांत तिसरा शत्रु म्हणजे गोठणें. पाण्याचें बर्फ होतांना त्याचें आकारमान शेंकडा ९ नें वाढतें आणि त्या वाढीपुढें तांबें, पोलाद, प्लास्टिक यांपैकीं कांहींच टिकत नाहीं. एका रात्रींत नवा बंब फुटूं शकतो. याकरितां यंत्राजवळ एक विशेष झडप बसवितात. तापमान ३ अंशांच्या आसपास उतरलें कीं ती आपण होऊन उघडते आणि भांड्यांतील पाणी रस्त्यावर सोडून देते. मात्र पंपाची कळ चालू राहिली असेल, तर नळींतील दाब कमी झाला असें समजून पंप धांवूं लागतो आणि टांकींतील पाणीहि त्याच वाटेनें निघून जातें. रात्रीं निजण्यापूर्वीं पंप बंद करण्याची संवय म्हणूनच लावून घ्यावी. टांकीविषयींहि तोच विचार. गाडीच्या तळाखालीं उघड्यावर टांगलेली टांकी उन्हाळ्यांत जागा वांचविते. हिंवाळ्यांत तिची खालची तोटी सर्वांच्या आधीं गोठते. बाकाखालीं, घराच्या उबेंत ठेवलेली टांकी हीच थंड देशांत खरी.

पाणी तापतांनाहि फुगतें, ही गोष्ट सहज विसरली जाते. १५ वरून ६० अंशांवर जातांना १० लिटर पाणी सुमारें १६० मिलिलिटरांनीं वाढतें. पाणी मागें फिरूं नये म्हणून झडप बसविलेली असेल, तर या वाढीला जागा राहत नाहीं आणि दाब चढत जातो. तेव्हां सुरक्षिततेची झडप कार्यक्षम असणें हें आवश्यकच. त्याशिवाय आंत रबराचा पडदा व हवा असलेलें एक लहानसें भांडें नळीला जोडावें. तें ही वाढ पोटांत घेतें आणि नळ किंचित् उघडतांच पंपाचें जें धडधडणें सुरू होतें, तेंहि शांत करतें. रात्रीं हात धुवावयास उठलेल्या माणसाचे सोबती त्याबद्दल त्याला दुवा देतील.

शेवटीं सांठ्याच्या स्वच्छतेविषयीं. टांकी व नळ्या खाद्यपेयांस योग्य अशा प्लास्टिकच्याच घ्याव्या; बागेंत पाणी घालण्याच्या नळीनें पाण्यास जो वास येतो, तो चहांतहि लपत नाहीं. टांकीला हात आंत जाऊन घांसतां येईल एवढें तोंड असावें. हंगामाच्या आरंभीं आणि नवें काम झाल्यावर सबंध व्यवस्था निर्जंतुक करावी. शेंकडा ५ प्रमाणाचें, सुवास वगैरे न घातलेलें साधें ब्लीच दर लिटर पाण्यास १ मिलिलिटर या मानानें टांकींत घालावें, प्रत्येक नळ सोडून तें पाणी सर्व नळ्यांत पोंचवावें, कांहीं तास तसेंच राहूं द्यावें आणि मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानें धुवून काढावें. हें चालू असतां यंत्र पेटवूं नये. आणि बंबाचें भांडें पोलादाचें असेल तर क्लोरीन त्यांत उगीच रेंगाळूं देऊं नये, कारण तें त्या धातूस खातें. दक्षिण इंग्लंडासारख्या प्रदेशांत पाणी जड असल्यामुळें भांड्याच्या भिंतीवर क्षारांचा थर धरतो. सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रवानें तो अधूनमधून उतरवावा.

या सर्व हिशेबानंतर त्या दांपत्याच्या गाडींत काय झालें असतें? मागच्या कप्प्यांतील १०० लिटरांच्या टांकीचा बेत रद्द. तिच्याऐवजीं दोन्ही आंसांच्या मध्यें, बाकाखालीं, उबेंत, ३० लिटरांची एक लहान टांकी. ती पाण्यासह ३४ किलोंची. २२ लिटरांच्या बंबाचा बेतहि रद्द. त्याऐवजीं गॅस व वीज या दोहोंवर चालणारा १० लिटरांचाच नवा बंब, नळांच्या जवळ आणलेला. मिसळणारी झडप, दाब सांभाळणारें भांडें, नवी झारी आणि नळ्यांचीं आवरणें मिळून ३ किलो. भरल्या टांक्यांसह गाडीचें वजन ३४६७ किलो. मर्यादेच्या आंत ३३ किलो शिल्लक, आणि मागच्या आंसावरचा भार २००० च्या बराच आंत. पूर्वीं पाणी एक दिवस पुरे. आतां १०० लिटर पाणी दोन दिवसांहून थोडें अधिक पुरतें. खर्चहि मूळ बेताहून कमीच.

महाराष्ट्रांतहि २०२१ मध्यें शासनानें अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचें धोरण स्वीकारलें आहे. येथें गोठण्याचें भय नाहीं. परंतु वजन, कोमट पाण्यांतील जंतु आणि बंद जागेंतील विषारी वायु यांचे नियम देशपरत्वें बदलत नाहींत. किंबहुना येथील उन्हाळ्यांत टांकींतील पाणी आपोआपच त्या जंतूंच्या आवडीच्या तापमानाला येऊन पोंचतें, म्हणून तें वरचेवर बदलण्याची दक्षता येथें अधिकच घ्यावी लागेल.

नॉर्वेच्या त्या हिमाच्छादित किनाऱ्यावर सकाळ उजाडते ती अंधारांतच. बाहेर सर्व कांहीं गोठलेलें असतें. अशा वेळीं नळ उघडावा आणि आंखडलेल्या बोटांवर ४२ अंशांचें पाणी पडावें, एवढ्याचसाठीं हा सारा खटाटोप. मुक्काम हलविण्यापूर्वीं गृहस्थांनीं एकदां दोन्ही टांक्यांच्या पातळ्या पाहाव्या, वापरलेलें पाणी योग्य ठिकाणीं रिकामें करावें, आणि गॅसची कळ बंद करून मगच गाडी सुरू करावी.